बॉयलर सोडता येत नाही

वेंटवर्थव्हिल, सिडनी,
रविवार, २० जुलै

प्रिय सुजित,

सप्रेम जयभीम. सुरुवात अगदी अण्णांच्या पत्रासारखी झाली खरी, पण कागद समोर घेतला की हात तसाच वळतो, त्याला मी काय करू? इतक्या वर्षांत हे माझं तुला पहिलंच पत्र. व्हॉट्सॅपवर काही लिहिलं की तू पहिल्या दोन ओळी वाचतोस आणि अंगठा पाठवतोस. हे अंगठ्यावर भागणारं नाही, म्हणून ही पानं. डार्विनला पोचायला चार-पाच दिवस लागतील असं पोस्टातली मुलगी म्हणाली. लागू देत. इतके दिवस गेले, आणखी पाच गेल्याने काय होतंय?

आधी गरम पाण्याचं सांगते, कारण हल्ली फोनवर तू तेवढंच विचारतोस. तू पाठवलेल्या तिन्ही लिंक मी पाहिल्या. भिंतीवर लावायचं गॅसचं छोटं युनिट, टाकीची भानगडच नाही, नळ सोडला की पाणी तापणार, वर दहा वर्षांची वॉरंटी. तू गॅसच्या प्लँटवर काम करणारा माणूस, तू म्हणतोस ते बरोबरच असणार. प्लंबरही तेच म्हणाला. टाकी चौदा वर्षांची झाली आहे, व्हॉल्व्ह गेलाय, आतला हीटर गेलाय, गंज धरू नये म्हणून जी कांडी असते तिची आता निव्वळ तार उरली आहे. हे सगळं बदलून देतो, पण टाकी वर्षभर चालली तरी नशीब समजा, असं त्याने स्वच्छ सांगितलं. कुठलाही शहाणा माणूस नवीन घेईल. यतिननेही नवऱ्याच्या हक्काने कॅल्क्युलेटर काढून मला तेच पटवलं. आणि एवढं सगळं ऐकून घेऊन मी जुनी टाकीच दुरुस्त करायला सांगितली आहे. तू डोक्याला हात लावायच्या आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच.

अकरा दिवस झाले, आम्ही चौघंही शेगडीवर पातेल्यात पाणी तापवून बादलीने अंघोळी करतोय. तुमच्याकडे सध्या ड्राय सीझन, तू हाफ पँटवर हिंडत असशील. इथे सकाळी सहाला थंडीने खिडकीच्या काचा आतून ओल्या असतात. अस्मिता बाथरूममधून ओरडते की धिस इज लिटरली कॅम्पिंग, मम. मी तिला सांगते की तुझ्या मामाने आणि मी बारावीपर्यंत असंच कॅम्पिंग केलंय. ती म्हणते, यू ऑलवेज से दॅट. खरं आहे तिचं. थकलं की मी तीच तीच वाक्यं बोलते.

आता ती टाकी बिघडली कशी, ते ऐक. हे मी तुला फोनवर सांगितलेलं नाही. आई गेल्यावर अण्णा इकडे आले तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी घराला एक फेरी मारली. हॉल पाहिला नाही, अस्मिताची खोली पाहिली नाही, थेट मागच्या बाजूला कुंपणाजवळ ती टाकी उभी आहे तिथे जाऊन थांबले. बोटाच्या पेराने दोनदा वाजवून पाहिली. अस्मिता म्हणाली, आजोबा, ही हॉट वॉटर सिस्टीम आहे. ते म्हणाले, बॉयलर आहे. आम्ही किती हसलो होतो! दुसऱ्या दिवसापासून बरोबर आठ वाजता, अंघोळ करून, शर्ट खोचून स्वारी मागे हजर. टाकीच्या वरच्या अंगाला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, त्याची छोटी दांडी उचलायची, भसकन पाणी सोडायचं, परत बसवायची. मी एकदा विचारलं, तर म्हणाले की सेफ्टी व्हॉल्व्ह रोज उचलून बघायचा असतो, ज्या दिवशी बघायचा राहतो त्याच दिवशी तो अडकतो. बत्तीस वर्षं साखर कारखान्याच्या बॉयलरवर काढलेला माणूस, त्याला मी काय शिकवणार? शिवाय मला ते गोड वाटायचं. म्हाताऱ्याचा वेळ जातोय, हाताला काही काम आहे, असं मी म्हणायचे. प्लंबरने परवा सांगितलं की ही दांडी वर्षातून दोनदा उचलायची असते. अण्णांनी ती तीन वर्षांत हजार वेळा उचलली. शेवटी ती बसेचना, रात्रंदिवस पाणी गळायला लागलं, टाकी तापेचना, आणि सतत चालून चालून हीटर जळला. बॉयलरची इतकी काळजी घेतली की बॉयलर मेला.

हे लिहिताना मला अग्निप्रदीपनाचे दिवस आठवतायत. दसऱ्याच्या सुमाराला कारखान्याचा बॉयलर पेटवायचे, चेअरमन आणि त्यांची बायको पाटावर बसायची, भटजी, नारळ, फोटोवाला, आपण पोरं पेढ्यावर डोळा ठेवून. अण्णा कायम मागे उभे, हाताची घडी घालून. पूजेत त्यांना रस नव्हता आणि त्यांना कुणी पुढे बोलावलंही नसतं. सगळे मांडवाकडे जेवायला गेले की मगच ते पुढे व्हायचे. मग काचेच्या नळीतली पाण्याची पातळी बघायची, भट्टीचा रंग बघायचा. आई म्हणायची, पूजा चेअरमनची आणि आग आमच्या ह्यांची. पहिली वाफ धरली की भोंगा व्हायचा आणि आई कॉलनीतल्या बायकांकडे अशी बघायची, जणू तिनेच वाजवला. मला त्या दिवसांचा आता थोडा राग येतो. अण्णांना त्या आगीने जेवढं दिलं, तेवढं आपण दोघांनी दिलं नाही असं वाटतं.

आता खरं सांगायची वेळ आली. अण्णा विसरतात असं मी तुला म्हणत आले, ते अर्धंच होतं. जानेवारीपासून त्यांची मेमरी क्लिनिकची तपासणी चालू आहे. डॉक्टरांनी त्याला जे नाव द्यायचं ते दिलंय, मे महिन्यात. मी तुला कळवलं नाही. रविवारी व्हिडिओ कॉलवर तू पाच मिनिटं बोलतोस, ते जेवलास का विचारतात, तुझ्याकडची हवा विचारतात, तू म्हणतोस अण्णा फिट आहेत. ती पाच मिनिटं ते कशीबशी सांभाळतात रे. फोन ठेवला की विचारतात, कोण होता? मी तुझं नाव सांगते. मग ते माझ्याकडे बघतात, मी काहीतरी चुकीचं बोलले असल्यासारखं. मी का नाही सांगितलं? तू ओके ताई म्हणशील आणि एखाद्या चांगल्या एज्ड केअर वृद्धाश्रमाची लिंक पाठवशील, ही भीती होती. रागावू नकोस, पण होती.

टाकी बंद पडली तोपर्यंत अण्णांची ड्यूटी दहा मिनिटांची होती. दांडी उचलायची, परत यायचं, चहा. पण प्लंबरने पाणी तोडलं, टाकी गार पडली, आणि त्यांच्या डोक्यात काय झालं कोण जाणे. सीझनमध्ये बॉयलर बसला म्हणजे हाहाकार, हे तुला मी सांगायला नको. गव्हाणीत ऊस, गेटबाहेर बैलगाड्यांची रांग, साहेब लोक धावपळ करतायत. ते सगळं त्यांना आमच्या कुंपणाशी दिसायला लागलं. आता ते आठला जाऊन रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसतात ते उठतच नाहीत. जेवण तिथेच. चार वाजले की उभे राहून बाजूच्या गेटकडे बघतात, पाळी बदलणारा माणूस येतोय का. तो येत नाही. आणि रिलीव्हर आल्याशिवाय, त्याला चार्ज दिल्याशिवाय बॉयलर सोडता येत नाही. कधी पाचला विसरून आत येतात, कधी सातपर्यंत नाही.

आम्ही सगळं करून पाहिलं. यतिन चार वाजता कामावरचं पिवळं जॅकेट घालून गेला आणि म्हणाला की मी आलोय, तुम्ही निघा. अण्णांनी विचारलं, सर्टिफिकेट? यतिनने लायसन्स दाखवलं. ते म्हणाले हे ट्रकचं आहे. विसरण्याचा आजार असलेला माणूस बरं का! मी म्हटलं मी थांबते, तर त्यांनी मला बाई म्हणून हाक मारली आणि बॉयलर हाऊसमध्ये कॉलनीच्या बायकांना यायला परवानगी नाही असं अगदी नम्रपणे सांगितलं. अस्मिताने तर चार वाजल्याचा भोंगा फोनवर वाजवला. त्यांनी भोंगा ऐकला, खूश झाले, आणि पुन्हा गेटकडे बघायला लागले.

मागच्या मंगळवारी आमच्या दोघांच्या शिफ्ट्स एकत्र आल्या आणि अस्मिताला शाळेत परीक्षेसाठी थांबावं लागलं. मला लॅबमधून निघायलाच पाच वाजले. दुपारपासून पाऊस होता. घरी पोचले तर अण्णा त्या डब्यावर, वळचणीखाली, अर्धे ओले. हात निळे पडलेले. आणि सुजित, त्यांची पँट पावसाने ओली नव्हती. बॉयलर सोडता येत नव्हता म्हणून ते आत गेले नव्हते. मी त्यांच्यावर ओरडले. दंडाला धरून ओढलं. शेजारचे लोक खिडकीत आले इतकी ओरडले. ते नुसते म्हणत राहिले, बाई, मला नोकरी आहे, मला नोकरी आहे. मग माझ्या तोंडून निघून गेलं की सुजित आलाय, आत कपडे बदलतोय, तो चार्ज घेतोय. तोंडून निघालं, विचार करून नाही. आणि त्यांनी ज्या नजरेने माझ्याकडे पाहिलं! आला? एवढंच म्हणाले. आई गेल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर मी तसा आनंद पाहिला नव्हता. हात शर्टाला पुसले, स्वतः उठले आणि शहाण्या मुलासारखे माझ्यामागून आत आले. मी त्यांना अंघोळ घातली, कोरडे कपडे घातले. ते दोनदा दाराकडे बघून म्हणाले, त्याला आधी जेवू घाल.

खोटं इतकं छान चाललं तर मी ते रोज का बोलले नाही, असं तुला वाटेल. बुधवारी बोलले. गुरुवारी बोलले. गुरुवारी ते आत येऊन तुला शोधत प्रत्येक खोलीत गेले, अस्मिताचं कपाटसुद्धा उघडून पाहिलं. त्यानंतर माझ्याच्याने ते खोटं बोलवेना. मी दमले आहे सुज्या. लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर लेबलं लावताना मी उभ्याउभ्या पेंगते. या वर्षीची रजा संपली. विहारात जाणं सोडलं, कारण तिथे सगळ्या जणी विचारतात अण्णा कसे आहेत, आणि मला रडायला येतं. परवा मनात आलं की हे लवकर संपलं तर बरं. हेही तुला लिहून टाकते, दुसऱ्या कुणाला सांगू?

काल शनिवार. मी हट्टच सोडला. चार वाजता चहाचे दोन कप घेतले, दुसरा डबा पालथा घातला आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी कप घेतला, मी कोण हे विचारलं नाही. मी म्हटलं, रिलीव्हर आला नाही का आज? ते म्हणाले, नाही येणार तो. मी विचारलं, कोण? तर म्हणाले, माझाच पोरगा आहे, लायक आहे, बॉयलर चालवायची सेकंड क्लासची परीक्षा पास झालाय पहिल्या झटक्यात. दुपारच्या बसने पुण्याला गेलाय, तिथून परदेशी जायचंय त्याला. मला सांगितलं नाही त्याने. त्याच्या आईने सकाळी डबा भरताना सांगितलं.

तू हे परत वाच. मीही ते ऐकून चहाचा कप खाली ठेवला. आपण चौदा वर्षं समजत आलो की त्या दिवशी अण्णांना काही माहीत नव्हतं. चार वाजता ते तुझी वाट बघत राहिले, तू आला नाहीस, सोळा तास बॉयलरवर काढून घरी आले तेव्हा तुझी पेटी गेलेली होती, आणि म्हणून दोन वर्षं ते तुझ्याशी बोलले नाहीत. असंच ना? त्यांना सकाळपासून माहीत होतं. मी विचारलं, मग तुम्ही थांबवलं का नाही? ते म्हणाले, मला सांगितलं असतं तर मला नाही म्हणावं लागलं असतं, त्याने सांगितलं नाही हे बरं झालं. साहेब चिडले होते, पाळी सोडून गेला म्हणून रिपोर्ट करणार होते, सर्टिफिकेट गेलं असतं पोराचं. मी सांगितलं, मीच पाठवलंय त्याला, त्याची पाळी मी करतो. एवढं बोलून त्यांनी मला विचारलं, तुमचं कोणी आहे का परदेशात?

त्या गुपितात मी तुझ्याइतकीच होते, हे तू कधी बोलून दाखवलं नाहीस, पण मला ठाऊक आहे. युनिव्हर्सिटीचं ऑफर लेटर मी पाठवलं होतं. अण्णांना विमानात बसल्यावर सांग, असं फोनवरून तुला मीच बजावलं होतं. नंतर ते दोन वर्षं गप्प राहिले तेव्हा मी सिडनीत बसून तुझी समजूत काढायचे की त्यांचा स्वभावच तसा आहे. त्यांना राग आला असेल, आलाच असणार. पण रागाच्या आधी त्यांनी काय केलं ते आपल्याला कुणी सांगितलं नाही. आईनेही नाही. तिने त्यांना शब्द दिला असेल.

म्हणून मला भिंतीवरचं युनिट नको. त्याला दांडी नाही, टाकी नाही, आवाज नाही. उद्या सकाळी आठ वाजता अण्णा मागे गेले आणि तिथे रिकामी भिंत दिसली, तर त्यांची नोकरी मी माझ्या हाताने काढून घेतल्यासारखं होईल. आज सकाळी प्लंबरला मी हे मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावलं, म्हणजे इंग्रजी चांगलं येतं मला, पण अण्णांबद्दल बोलताना मोडतं. तो साठीचा माणूस, ऐकून त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. मग म्हणाला, नो वरीज, जुन्या व्हॉल्व्हची दांडी मी बाजूला नुसती शोभेची बसवून देतो, त्यांना रोज उचलू दे, खऱ्या व्हॉल्व्हला झाकण घालू. पुढच्या शुक्रवारी येतोय तो. वर्षभर चालली टाकी तर चालली. डॉक्टरांनी अण्णांबद्दलही याहून लांबचं काही सांगितलेलं नाही.

तर मी हे सगळं का लिहिलं ते आता सांगते. पैसे पाठवू नकोस, लिंक पाठवू नकोस, अण्णांना तिकडे ने असंही मी म्हणत नाही. एक तारखेपासून तुला रोस्टरची सुट्टी आहे, मी तुझ्या फेसबुकवर पाहिलं. शनिवारी, दोन ऑगस्टला ये. घराच्या दाराने येऊ नकोस, मला भेटायला थांबू नकोस. कामावरचा शर्ट घाल, ते सर्टिफिकेट अजून असेल तर खिशात ठेव, आणि बरोबर चार वाजता बाजूच्या गेटने आत ये. टाकी दुरुस्त झाली तरी ते डब्यावर बसलेले असतील, त्यांचा चार्ज अजून कुणी घेतलेला नाही. तुला ओळखतील की नाही, याची खात्री मी देऊ शकत नाही. ते पाण्याची पातळी सांगतील, प्रेशर सांगतील, ते सगळं नीट ऐकून घे, मध्ये बोलू नकोस. आणि मग म्हण, अण्णा, उशीर झाला, मी चार्ज घेतो, तुम्ही घरी जा.

तुझीच,
ताई